अरुंद दावा म्हणजे आधार असलेला दावा नव्हे: पेटंट महानियंत्रकांना खुले पत्र

मा. महानियंत्रक, पेटंट, डिझाइन व ट्रेडमार्क, तसेच कोलकाता, दिल्ली, चेन्नई आणि मुंबई या चारही कार्यालयांतल्या रसायन गटाचे नियंत्रक व परीक्षक यांस,

स. न. वि. वि.

मागणी आधी सांगतो, कारणं मागून. रासायनिक अर्जातल्या दाव्यांमध्ये (हक्क नेमका कशावर हवा हे सांगणाऱ्या वाक्यांमध्ये) दुरुस्ती मान्य करताना तिला मूळ विनिर्देशात (शोधाचं वर्णन करणाऱ्या दस्तऐवजात) आधार नेमका कुठे आहे, हे अर्जदाराकडून पान आणि ओळीसह लिहून घ्या. तो आधार तुम्हाला का पटला, हे आदेशात चार ओळींत नोंदवा. आणि अर्जावर विरोध दाखल असेल, तर बदललेले दावे विरोधकाच्या नजरेखालून गेल्याशिवाय निकाल देऊ नका.

मी सेंद्रिय रसायनशास्त्र शिकलो, काही वर्षं प्रयोगशाळेत फ्यूम हूडसमोर उभं राहून काढली आणि मग पेटंट एजंट झालो. अर्ज लिहितो, दुरुस्त्या करतो, दुसऱ्यांच्या अर्जांवर विरोधही लिहून देतो. दुरुस्ती का लागते हे मला पक्कं ठाऊक आहे. पहिला परीक्षण अहवाल येतो, अर्ज लिहिताना हाती न लागलेला एखादा जपानी किंवा जर्मन दस्तऐवज त्यात निघतो आणि दावा आवळावाच लागतो. आवळण्याची ही मुभा काढून घ्या, असं मी अजिबात म्हणत नाही. दावा आवळला की त्याला आधार आपोआप मिळाला, ही जी समजूत आहे, तिच्याबद्दल मला बोलायचं आहे.

पेटंट कायद्याचं कलम ५९ तुम्हाला तोंडपाठ असेल, वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. दुरुस्ती तीनच वाटांनी करता येते: दाव्यातला काही भाग सोडून देणं, चूक सुधारणं किंवा खुलासा करणं. त्यापुढे दोन अटी आहेत. मूळ विनिर्देशात जे सारतः उघड केलेलं किंवा दाखवलेलं नव्हतं, ते दुरुस्तीने आत येता कामा नये. आणि दुरुस्त दावा आधीच्या दाव्याच्या कक्षेत पूर्णपणे बसला पाहिजे. या दोन वेगळ्या अटी आहेत आणि दोन्ही पाळाव्या लागतात. आवळलेला दावा दुसरी अट जवळजवळ नेहमीच पार करतो. पहिलीचं उत्तर मात्र त्याने मिळत नाही. यांत्रिक शोधांत हा फरक क्वचित बोचतो, कारण नट, दांडा, झडप सगळं आकृतीत दिसतं. रसायनात तो फार मोठा होतो.

एक काल्पनिक अर्ज घेऊ. मार्कुश पद्धतीचं सूत्र आहे, गाभ्याच्या रिंगवर बदलत्या गटांच्या पाच जागा आहेत आणि प्रत्येक जागेसाठी वीस-वीस पर्यायांची यादी आहे. हायड्रोजन, हॅलोजन, मिथाइल, सायक्लोप्रोपिल, ट्रायफ्लुओरोमिथाइल अशी ती यादी पानभर चालते. वीसचा पाचवा घात म्हणजे ३२ लाख संयुगं. प्रयोगशाळेत बनवलेली, वितळणबिंदू आणि एनएमआर (रेणूची रचना दाखवणारं मापन) यांसह नोंदवलेली संयुगं बारा. परीक्षणात जुना दस्तऐवज निघतो आणि बारांपैकी अकरा बाद होतात. मग अर्जदार नवा दावा लिहितो: पहिल्या जागी क्लोरीन, दुसऱ्या जागी सायक्लोप्रोपिल, तिसऱ्या जागी ऑक्सिजन, उरलेल्या दोन ठिकाणी हायड्रोजन. यातला प्रत्येक गट यादीत आहे. पण हे पाचही गट एकत्र असलेलं संयुग मूळ कागदात कुठेच नाही. ते बनवलेलं नाही, त्याचं नाव नाही, पसंतीच्या यादीतही नाही. दावा ३२ लाखांवरून एकावर आला, याहून अरुंद तो होऊच शकत नाही. तरीही अर्ज भरला त्या दिवशी अर्जदाराच्या हातात हे संयुग होतं, असं त्या कागदावरून कोणीही म्हणू शकणार नाही.

आणि हे संयुग दोन वर्षांनी दुसऱ्या कोणीतरी, स्वतःच्या बुद्धीने आणि खर्चाने बनवलेलं असलं तर? दुरुस्ती मान्य झाली की दावा नवा पण तारीख जुनी असा प्रकार होतो. वीस वर्षांचा काळ मूळ अर्जाच्या तारखेपासून मोजला जातो, नाविन्यही त्याच तारखेला तपासलं जातं. ज्याने खरोखर शोध लावला तो मागे राहतो, ज्याने यादी लिहिली तो पुढे जातो. सगळी मेख त्या तारखेत आहे.

हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेत १९६७ साली रुशिग यांच्या अर्जावर जो निकाल लागला, तो रसायनाच्या पेटंटात काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. मधुमेहावरच्या सल्फोनिलयुरिया गटातल्या संयुगांचा तो अर्ज होता. नंतर जोडलेल्या एका दाव्यात एकच संयुग होतं: क्लोरप्रोपामाइड, जे मधुमेहाची गोळी म्हणून जगभर गेलं. विनिर्देशात क्लोरीन असलेला बेंझिनसल्फोनिल भाग होता, वेगळ्या ठिकाणी अमाइनांच्या यादीत प्रोपिलअमाइनही होतं. दोन्ही जोडले की क्लोरप्रोपामाइड तयार. न्यायमूर्ती जाइल्स रिच यांनी विचारलं ते असं: जंगलातून वाट काढणारे झाडांच्या सालीवर खुणा करत जातात. इथे सगळं जंगल दाखवलंय, पण या एका झाडाकडे नेणारी खूण कुठे आहे? ते झाड आधीच माहीत असलेल्या माणसाला मागे चालत येऊन वाट सापडते, पण ती मागाहून सुचलेली अक्कल झाली. दावा फेटाळला गेला.

पन्नास वर्षांनी हाच प्रश्न हिपॅटायटिस सीच्या औषधावर उभा राहिला. सोफोसबुविरच्या रेणूत साखरेच्या भागावर एकाच कार्बनवर वरच्या बाजूला मिथाइल आणि खालच्या बाजूला फ्लुओरिन आहे. आयडेनिक्स कंपनीच्या पेटंटात वरचं मिथाइल होतं. खालच्या जागेसाठी लांबलचक पर्याय दिले होते, पण मिथाइलखाली फ्लुओरिन असलेलं संयुग नव्हतं. डिसेंबर २०१६ मध्ये ज्युरीने सोफोसबुविर विकणाऱ्या गिलियड कंपनीला २५४ कोटी डॉलरची भरपाई द्यायला सांगितली. पुढे खालच्या न्यायाधीशाने तो निर्णय फिरवला आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयाने पेटंट अवैध ठरवलं. पुरेसं वर्णन नसणं हे त्यातलं एक कारण होतं. एका फ्लुओरिनच्या अणूवर एवढी रक्कम फिरली. तो अणू कागदावर होता की नव्हता, एवढाच सवाल होता.

महोदय, रसायनात छोट्या खुणांनी पदार्थ बदलतो. सपाट रेघेच्या जागी ठळक पाचर काढली, शेजारी तुटक रेघ ओढली, की आकृती तीच दिसते पण पदार्थ दुसरा असतो. रेणूत दोन असममित कार्बन असतील तर साधारणपणे चार समघटक (स्टिरिओआयसोमर: अणू आणि जोडण्या त्याच, अवकाशातली मांडणी वेगळी) निघतात. मूळ अर्जात चौघांचं मिश्रण सपाट आकृतीने दाखवलं असेल आणि दुरुस्तीत त्यातल्या एकाचीच आकृती आली, तर तो एक समघटक मूळ कागदात वेगळा काढलेला होता का, त्याचं प्रकाश-वलन मोजलं होतं का, निदान तो वेगळा कसा करायचा हे लिहिलं होतं का, हे विचारायलाच हवं. ‘सर्व स्टिरिओआयसोमर समाविष्ट’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं. मीही लिहितो. त्याने कक्षा सांगितली जाते, वस्तू हाती येत नाही.

स्फटिकरूपांचंही तसंच. ‘क्षार, हायड्रेट, सॉल्व्हेट आणि बहुरूपे’ (बहुरूपे म्हणजे एकाच पदार्थाची वेगवेगळी स्फटिकरूपे) हे शब्द विनिर्देशाच्या शेवटाकडे ओळीने बसलेले असतात, आणि कालांतराने कोणीतरी त्यांच्या भरवशावर एका विशिष्ट स्फटिकरूपाचा दावा आत आणू पाहतं. रिटोनाविरची गोष्ट आठवा. एचआयव्हीचं हे औषध १९९६ मध्ये बाजारात आलं. १९९८ मध्ये त्याचं दुसरं, फारच कमी विरघळणारं स्फटिकरूप अचानक तयार व्हायला लागलं आणि ॲबटला कॅप्सूल बाजारातून काढून घ्यावी लागली. ज्यांनी रेणू बनवला, औषध बनवलं, लाखो कॅप्सूल भरल्या, त्यांनाही ते रूप अस्तित्वात आहे हे ठाऊक नव्हतं. मग अर्जाच्या शेवटी ‘बहुरूपे’ असा एक शब्द टाकून कोणत्या रूपाचं ज्ञान जगाला दिलं?

प्रक्रियेच्या दाव्यांत आणखी एक प्रकार दिसतो आणि तो ओळखायला रसायनशास्त्रज्ञच लागतो. समजा, उदाहरण ७ मध्ये लिहिलंय: आयसोप्रोपेनॉलमध्ये ५५ अंशांवर विरघळवलं, बीज-स्फटिक टाकले, तासाला दहा अंश या वेगाने थंड केलं, शुद्धता ९९.८ टक्के मिळाली. दुरुस्त दाव्यात फक्त ‘तासाला दहा अंश या वेगाने थंड करणे’ येतं. द्रावक कोणताही, बीज असो वा नसो. पण ज्याने स्फटिकीकरण केलंय त्याला विचारा. द्रावक बदला, बीज वगळा, तोच वेग ठेवून वेगळंच काहीतरी फ्लास्कच्या तळाशी बसतं. उदाहरणात चार गोष्टी एकमेकींना धरून होत्या. त्यातली एक तोडून काढून तिला सगळीकडे लागू करणं म्हणजे मूळ कागदात नसलेली शिकवण नव्याने लिहिणं. दावा इथेही आवळलाच गेलेला असतो, कारण पूर्वी थंड करण्याच्या वेगाची अट नव्हती.

याच्या उलट बाजूलाही उदाहरण देतो, कारण मला कडकपणाचं कौतुक नाही. विनिर्देशात संयुगाचं नाव ‘४-क्लोरो’ आहे आणि आकृतीत क्लोरीन तिसऱ्या जागी काढलाय. अर्जदार म्हणतो आकृती चुकली, सुधारू द्या. घाईत नकार देता येईल. पण त्याच उदाहरणातला एनएमआर वाचा. त्या रिंगचे दोन-दोन प्रोटॉनचे दोन स्वच्छ डब्लेट (जोडशिखरं) दिलेत. क्लोरीन समोरच्या टोकाला, म्हणजे चौथ्या जागी, असल्याशिवाय ही ठेवण येत नाही. तिसऱ्या जागी असता तर चारही प्रोटॉन वेगवेगळे दिसले असते. म्हणजे बरोबर उत्तर मूळ कागदातच, अर्ज भरला त्या दिवसापासून होतं. ही सुधारणा मनमोकळेपणाने मान्य व्हावी, आणि आदेशात तो एनएमआर कोणत्या पानावर आहे हे यावं. आधार शोधण्याची सवय लागली की अर्जदाराचंही भलं होतं, हे यावरून दिसेल.

दुरुस्तीबाबत उदार राहावं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये निप्पॉन ए अँड एलच्या प्रकरणात म्हटलं. कोपॉलिमर लॅटेक्सचा तो अर्ज होता. प्रक्रियेतून ओळखल्या जाणाऱ्या उत्पादनाचे दावे सोडून अर्जदार फक्त प्रक्रियेच्या दाव्यांवर आला होता. न्या. प्रतिभा सिंह यांनी न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाचा आधार घेऊन सांगितलं की पेटंट मिळण्याआधीच्या दुरुस्तीकडे नंतरच्या दुरुस्तीपेक्षा सैल नजरेने पाहावं. मला हा निकाल पटतो. पण तिथे प्रक्रिया मूळ विनिर्देशात तपशीलवार लिहिलेली होती, हे विसरून चालणार नाही. लिहिलेल्या गोष्टीकडे परत जायला न्यायालयाने वाट मोकळी केली. न लिहिलेली गोष्ट आत घ्यायला तो निकाल आधार म्हणून दाखवला जाऊ नये.

खरा आधार माझ्या मते सर्वोच्च न्यायालयाच्या १ एप्रिल २०१३ च्या निकालात आहे. न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्यासमोर नोव्हार्टिसचं म्हणणं होतं की झिमरमन पेटंटाच्या (मूळ संयुगाच्या आधीच्या पेटंटाच्या) कक्षेत इमॅटिनिब मेसिलेट हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध येतं, पण त्यात ते उघड झालेलं नाही. न्यायालयाने कक्षा आणि प्रकटीकरण यांच्यात अशी फारकत करायला नकार दिला. दोघांत प्रचंड दरी असेल आणि शोधाच्या अंगच्या मोलापेक्षा वकिलांच्या कसबी शब्दरचनेवर पेटंटची व्याप्ती ठरेल, अशा दिशेने या देशाचा कायदा वाढू नये, असंही बजावलं. ही चर्चा दुरुस्तीची नव्हती, मान्य. पण ज्या दरीबद्दल न्यायालय बोललं ती सर्वांत सहज दुरुस्तीच्या टप्प्यावरच वाढते, कारण तेव्हा अर्जदाराला बाजारात काय चाललंय, प्रतिस्पर्धी काय बनवतोय आणि परीक्षकाला काय सापडलंय, हे सगळं माहीत झालेलं असतं.

म्हणून मोजपट्टी एकच हवी. दोन वर्षांनी त्याच कंपनीने तेच संयुग वेगळ्या अर्जात मागितलं, तर ती सांगणार की आधीच्या मार्कुश सूत्रात ते उघड झालेलं नव्हतं, फक्त कक्षेत येत होतं. दुरुस्तीच्या वेळी मात्र तीच यादी पुरेशी ठरते. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्या औषधाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०२१ मध्ये अंतरिम मनाई नाकारली, तेव्हा एकाच संयुगासाठी दोन पेटंटांवर बोट ठेवण्याची अडचण अशीच समोर आली होती. युरोपीय पेटंट कार्यालयात नाविन्य, अग्रक्रम (आधीच्या अर्जाची तारीख मिळणं) आणि दुरुस्ती या तिन्हींसाठी एकच कसोटी आहे: जाणकाराला मूळ कागदातून ती गोष्ट थेट आणि निःसंदिग्धपणे मिळते का. आपल्या कायद्यात ‘सारतः’ हा शब्द आहे, म्हणजे आपण थोडे सैल आहोत, आणि असायलाही हरकत नाही. पण सैल असो वा घट्ट, फूटपट्टी दर प्रसंगी बदलू नये. कलम १०(५) नुसार दावे विनिर्देशात उघड केलेल्या मजकुरावर वाजवी रीतीने आधारलेले असावे लागतात. तो आधार अर्ज भरला त्या दिवशीचाच असला पाहिजे.

आता कामाचं. तुमच्यावर अर्जांचा ढीग आहे आणि माझी मागणी तो वाढवेल, असं वाटणं साहजिक आहे. युरोपात नियम १३७(४) प्रमाणे दुरुस्ती करणाऱ्यालाच ती कुठे केली आणि मूळ अर्जात तिला आधार कुठे आहे, हे दाखवावं लागतं. परीक्षक शोधत बसत नाही. आपल्या नियम १४ मध्ये याची अर्धी वाट आधीच आहे. खुणा केलेली प्रत द्यावी लागते, बदल कोणत्या पानावर कोणत्या ओळीत झाला आणि का, हे सांगावं लागतं. त्यात एकच जोड हवी: बदलाला आधार मूळच्या कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत, कोणत्या उदाहरणात आहे. दाव्याचा प्रत्येक घटक वेगळा आणि मग सगळ्या घटकांचं एकत्र येणं वेगळं, असे दोन रकाने असावेत. पहिला रकाना सगळेच भरतील. दुसऱ्यात काय लिहिलंय त्यावर खरा निर्णय होईल.

विरोधकांबद्दल. नोव्हार्टिस विरुद्ध नॅटको प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जानेवारी २०२४ मध्ये स्पष्ट केलं की परीक्षण आणि विरोध या वेगळ्या प्रक्रिया आहेत, आणि परीक्षणातल्या दुरुस्तीच्या सुनावणीत भाग घेण्याचा हक्क विरोधकाला नाही. निकाल मान्य आहे. मी सुनावणी मागतच नाही. बदललेले दावे आधाराच्या तक्त्यासह संकेतस्थळावर लगेच चढवा आणि विरोधकाला आपल्या विरोधाच्या प्रक्रियेतच लेखी म्हणणं मांडायला महिनाभर द्या. ज्या दाव्यांविरुद्ध त्याने विरोध लिहिला ते दावे उरलेच नसतील, तर त्याचा विरोध हवेत राहतो.

हे मी फक्त कंपन्यांसाठी म्हणत नाही. बेडाक्विलिन या क्षयरोगावरच्या औषधाच्या फ्युमरेट क्षाराचा अर्ज मुंबई कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये नाकारला, तेव्हा विरोधकांमध्ये नंदिता व्यंकटेशन आणि फुमेझा तिसिले होत्या. दोघी क्षयरोगातून वाचलेल्या, दोघींची श्रवणशक्ती जुन्या विषारी औषधांनी गेलेली. मूळ संयुगाचं पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं, आणि क्षाराचं पेटंट मिळालं असतं तर स्वस्त गोळी आणखी काही वर्षं लांबली असती. अशा विरोधकांकडे पेटंट वकिलांची फौज नसते. दावा कधी, कसा आणि कशाच्या जोरावर बदलला, हे त्यांना एका कागदावर वाचता आलं पाहिजे.

दुसऱ्या बाजूला, आपल्या विद्यापीठांतले आणि छोट्या कंपन्यांतले संशोधकही माझ्याकडे येतात. अर्ज घाईत भरलेला, उदाहरणं तीन, दावे आभाळाएवढे. दुरुस्तीची वेळ आली की मागे जायला काहीच नसतं. आधाराचा तक्ता सक्तीचा आहे हे आधीपासून माहीत असेल, तर ते पहिल्याच दिवशी पसंतीचे गट, मधल्या मर्यादा आणि पर्यायी द्रावक लिहून ठेवतील. ‘५ ते ४० टक्के’ लिहून न थांबता ‘शक्यतो १२ ते १८’ हेही लिहितील, म्हणजे पुढे त्या आकड्यांवर दावा आणताना हात रिकामे राहणार नाहीत. मी स्वतः माझ्या अशिलांना आता हेच सांगतो, आणि ते खर्चाची कुरकुर न करता एक-दोन प्रयोग जास्त करतात.

औषधनिर्माण क्षेत्रातल्या अर्जांच्या परीक्षणासाठी तुमच्या कार्यालयाने ऑक्टोबर २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. पुढच्या आवृत्तीत दुरुस्तीवर एक स्वतंत्र प्रकरण असावं. त्यात मान्य आणि अमान्य अशी दोन्ही प्रकारची रासायनिक उदाहरणं असावीत: यादीतून निवड, एकच समघटक, क्षार, स्फटिकरूप, उदाहरणातून उचललेली अट, आकृतीतली चूक. मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला करावा. तोवर तक्ता मागायला नियमदुरुस्तीची वाट पाहण्याची गरज नाही. पहिल्या परीक्षण अहवालातच एक ओळ घालता येईल: ‘दुरुस्ती सादर करत असल्यास तिच्या प्रत्येक भागाचा आणि त्यांच्या एकत्रित रूपाचा मूळ विनिर्देशातला आधार दर्शवावा.’ रसायन गटापुरती ही ओळ येत्या महिन्यापासून सुरू व्हावी, ही विनंती.

कळावे.

आपला विश्वासू,
पुण्यातला एक पेटंट एजंट